खुलासा करावा

दौऱ्यावरून परतणारा माणूस दोनदा उतरतो. एकदा विमानातून, आणि मग चार-पाच दिवसांनी नानांच्या टेबलापाशी. विमानतळावर फार तर बॅग हरवते. नानांच्या टेबलापाशी तोंडचं पाणी पळतं.

नाना हे नाव आपलं सोयीसाठी. लोअर परळ, करी रोड, वरळी नाका, कुठल्याही कचेरीत जा, हा गृहस्थ तिथे असतोच. कुठे तो अण्णा असतो, कुठे तात्या, आणि नव्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला जे म्हणतात ते छापण्याजोगं नसतं. काम एकच: कंपनीच्या पैशाने जे हिंडून येतात त्यांची बिलं तपासायची. हॉटेल, टॅक्सी, जेवणखाण, कपड्यांची धुलाई आणि सगळ्यांत वर विमानाचं तिकीट. धुलाईच्या बिलात नानांना रस नाही. “तीन शर्ट, दोन पँटी. त्यात वाचायचं काय?” तिकीट मात्र ते वाचतात. बोट लावून, ओठ हलवत, मध्येच थांबून स्वतःशी हसत.

आमचे नाना लालबागचे. वडील गिरणीत साच्यावर होते. १९८२च्या संपात साचा थांबला तो थांबलाच. आता तशाच एका गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी आहे आणि तिच्या एकोणिसाव्या मजल्यावर नानांचं टेबल आहे. मजला उंच असला तरी नानांच्या वाट्याला खिडकी आलेली नाही. खिडक्या सगळ्या सेल्सवाल्यांना. “ज्यांना सारखं बाहेर जायचं असतं त्यांना खिडकी लागते,” असं नाना म्हणतात. ही तक्रार आहे की तुच्छता, हे अजून कोणाला कळलेलं नाही. ते स्वतः रोज घरून चालत येतात, चालत जातात, आणि कंपनीच्या कन्व्हेअन्सच्या रकान्यात इतकी वर्षं शून्य लावतात.

तुम्ही-आम्ही तिकिटावर काय बघतो? तारीख, वेळ, नावाचं स्पेलिंग आणि किती पैसे गेले ते. नाना रक्कम शेवटी बघतात. त्यांचं बोट थेट ‘फेअर बेसिस’ या रकान्यावर जातं. तिथे अक्षरं आणि आकडे एकमेकांना चिकटून बसलेले असतात. समजा, क्यू-एल-एक्स-१४-आर-टी. तुमच्या दृष्टीने तो छपाईचा कचरा असतो. नाना मात्र एकेक अक्षर सुटं करतात. “क्यू. स्वस्तातला कप्पा. एल, म्हणजे गर्दीचा हंगाम नाही. एक्स, आठवड्याच्या मधल्या वारी. चौदा, म्हणजे चौदा दिवस आधी काढलंय. आरटी, जाऊन-येऊन. शहाणा मुलगा आहे.” हिरव्या शाईची बरोबरची खूण, खाली सही, कागद उजवीकडे.

पुढचा कागद. सुरुवातीलाच मोठ्या दिमाखात एक ‘वाय’. नाना चष्मा कपाळावर चढवतात. “कोण आहेत हे? बोलवा.”

हे पहिलं अक्षर कप्प्याचं. एफ म्हणजे फर्स्ट क्लास, जे आणि सी बिझनेस, डब्ल्यू प्रीमियम इकॉनॉमी, वाय म्हणजे इकॉनॉमीचा पूर्ण भाव, कसलीही सूट नसलेला. त्याखाली बी, एम, एच, के, क्यू, व्ही, एल, टी अशी उतरंड. उतरंडीचा क्रम जो तो आपापला लावतो. एका विमान कंपनीचा ‘के’ दुसरीच्या ‘एम’पेक्षा भारी असू शकतो. म्हणून नानांनी जुन्या लेजरच्या कोऱ्या पानांची वही शिवून घेतली आहे आणि प्रत्येक कंपनीला त्यात स्वतंत्र पान आहे. जेट एअरवेजचं पान अजून आहे. १७ एप्रिल २०१९ला जेटचं शेवटचं विमान उडालं, त्या तारखेला पानाखाली दोन रेघा मारून हिशोब बंद केलाय. किंगफिशरच्या पानाखाली रेघा नाहीत. “त्यांचा हिशोब बंद झालाय असं कोण म्हणतं?” नाना विचारतात.

एकाच विमानात, एकाच रांगेत, तेच गार सँडविच चघळणारे तिघे तीन भावांनी बसलेले असतात हे आपण सगळे ऐकून असतो. नानांकडे त्याचा पुरावा असतो, पंच करून फाईलला लावलेला. पण त्यांना राग भावाचा नसतो. “तुम्ही कुठे गेलात ते तिकीट सांगत नाही,” ते नव्या पोरांना समजावतात, “ते बोर्डिंग पास सांगतो. तुम्ही जायचं कधी ठरवलंत, ते तिकीट सांगतं.” आणि कंपनीत कोण कधी काय ठरवतो हे कळलं की बाकी काय उरतं? नानांना माहीत आहे की ट्रेनी पोरगा तीन आठवडे आधी तिकीट काढतो, मॅनेजर आठवडाभर आधी, जनरल मॅनेजर आदल्या रात्री, आणि संचालक विमानतळाच्या वाटेवर गाडीतून फोन करून. पगाराच्या श्रेणी बघायची गरजच नाही. तिकिटं एकाखाली एक लावा, कंपनीचा अख्खा तक्ता तयार. वरच्या माणसाला वेळेवर ठरवायला वेळ नसतो, आणि त्या नसलेल्या वेळेचे पैसे कंपनी ‘वाय’च्या भावाने भरते.

पूर्वी हे असं नव्हतं. नाना नोकरीला लागले तेव्हा देशात विमान म्हणजे सरकारी विमान. १९५३ साली विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या त्या कायद्याने १९९४पर्यंत मक्तेदारी टिकवली. मुंबई-दिल्लीचं भाडं एकच. मंत्री जावो, मुनीम जावो. टेबलाच्या काचेखाली भाड्यांचा छापील तक्ता, त्याच्याशी ताडून बघायचं की झालं. काम म्हणाल तर दहा मिनिटांचं, आणि उरलेल्या वेळात फोर्टातल्या त्या जुन्या कचेरीत बुद्धिबळ चालायचं. तिकीट म्हणजे लाल कार्बन लावलेल्या कुपनांचं चोपडं. दिवसभर तिकिटं चाळली की बोटं लाल व्हायची, घरी गेल्यावर आई विचारायची, “ऑफिसात पान खातोस काय रे?” १ जून २००८पासून कागदी तिकिटांचा जमाना जगभरच संपला. आता ई-तिकिटाचं प्रिंटआउट येतं. बोटं स्वच्छ राहतात. नानांना ते आवडलेलं नाही.

मधल्या काळात मात्र मजा झाली. ईस्ट-वेस्ट आली, जेट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा आल्या. २००३मध्ये एअर डेक्कन आली आणि पुढे तिने एक रुपयात तिकीट विकायला काढलं. नानांचा पहिला संशय असा की छपाईत शून्यं गळली असावीत. तेव्हापासून काचेखालचा तक्ता गेला आणि तिथे सिद्धिविनायकाचा फोटो आला. एकाच विमानाला सकाळी एक भाव, दुपारी दुसरा, रात्री तिसरा. नाना हताश झाले नाहीत. ते कामाला लागले. कुठून कुठून वाचलं, ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटाकडे शनिवारी दुपारी जाऊन बसले, कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर त्या एजंटाची मुलगी काय काय टाइप करते ते वहीत उतरवून घेतलं. तिथेच त्यांना कळलं की या सगळ्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे १९७८ साली सरकारने भाड्यांवरचा हात काढला, आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल नावाच्या साहेबाने कॉम्प्युटर लावून कुठल्या खुर्च्या कोणाला किती भावाने विकायच्या याचं शास्त्र केलं. त्याला ‘यील्ड मॅनेजमेंट’ म्हणतात. नानांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गिऱ्हाइकाची निकड बघून भाव सांगायचा. हे भुलेश्वरातल्या दुकानदाराला अमेरिकेने कशाला शिकवायला हवं?”

पण या शास्त्रातली एक खोच त्यांना मनापासून आवडते. ती म्हणजे शनिवारची रात्र. परदेशातल्या स्वस्त भाड्यांना पूर्वी सर्रास अट असायची की मुक्कामात एक शनिवारची रात्र यायला हवी. का? तर कामासाठी जाणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी घरी पळतो, सहलीला जाणारा रविवारपर्यंत थांबतो. ज्याचं भाडं कंपनी भरणार तो आपोआप गाळला जातो आणि महागात बसतो. कोणाला एक शब्द न विचारता माणसं ओळखायची ही युक्ती. नाना ती सांगताना अभिमानाने सांगतात, जणू ती लालबागच्या मार्केटात कोणाला तरी सुचली होती. तोटा एवढाच झाला की आमच्या साहेब लोकांनाही ती समजली. “नाना, कंपनीचेच पैसे वाचवायला फ्रँकफर्टला रविवारपर्यंत थांबलो,” असं म्हणत ते दोन जादा रात्रींचं हॉटेल आणि दोन दिवसांचा भत्ता मागू लागले. नाना कागदाचे दोन भाग करून डावीकडे वाचलेलं भाडं लिहायचे, उजवीकडे हॉटेल आणि भत्ता. बहुतेक वेळा उजवी बाजू जड निघायची आणि नाना त्या दिवशी कँटीनमध्ये स्वतःहून कोणाला तरी चहा पाजायचे. पण एकदा साहेब खरंच बरोबर निघाले. नानांनी क्लेम तसाच्या तसा पास केला. दुपारभर कोणाशी बोलले नाहीत.

कोडाच्या शेपटीत तर खजिनाच असतो. डोक्यावरचा डब्ल्यू प्रीमियम इकॉनॉमीचा, पण तोच शेवटाकडे आला तर वीकेंडचा. सीएच म्हणजे लहान मूल. आयएन म्हणजे कधी भारत, कधी तान्हं बाळ. पुढे ९० असेल तर बाळच, कारण मोठ्यांच्या भाड्यात नव्वद टक्के सूट ही बाळाची. एका अधिकाऱ्याने सिंगापूरच्या परिषदेचा क्लेम लावला. सगळी तिकिटं एकाच प्रिंटआउटवर, खाली एकच बेरीज. गर्दीत कोण बघतंय? नानांनी क्लेम परत पाठवला. वर हिरव्या शाईत शेरा: ‘सदर दौऱ्यात कंपनीतर्फे सहभागी झालेल्या दोन वर्षांखालील सदस्याने परिषदेच्या कोणत्या सत्रात भाग घेतला, याचा खुलासा करावा.’ तो अधिकारी पुढे नोकरी सोडून गेला. शेऱ्याची झेरॉक्स मात्र अजून तीन डिपार्टमेंटांत फिरते आहे.

‘खुलासा करावा’ हे नानांचं ब्रीद. आवाज चढवणं नाही, आरोप नाही. फक्त खुलासा. आमचे एक रीजनल मॅनेजर कायम पूर्ण भावाचं तिकीट काढतात. कारण काय, तर कामाचा भरवसा नसतो, तारीख बदलायची सोय हवी, रद्द केलं तर पैसे परत मिळायला हवेत. मुद्दा चुकीचा नाही. नानांनी गेल्या सगळ्या क्लेमांचा गठ्ठा उपसला, एकेक तिकीट बघितलं आणि लिहिलं: ‘बदलाची सोय आपण प्रत्येक वेळी विकत घेतलेली दिसते. ती एकदाही वापरलेली दिसत नाही. खुलासा करावा.’ साहेब संतापले. खरी गोष्ट नानांना आधीच माहीत होती, पण कागदावर लिहिण्यासारखी नव्हती: बऱ्याच कंपन्यांत भारी अक्षराच्या तिकिटावर जास्त माइल्स जमतात, आणि त्या माइल्सवर साहेबांचं कुटुंब दर मे महिन्यात कुठेतरी जाऊन येतं. भाडं कंपनीचं, माइल्स साहेबांचे.

याचा अर्थ नाना चिक्कू आहेत असा नव्हे. चिक्कू माणूस रक्कम बघतो. हैदराबादच्या एका टेंडरला आमचा एक तरुण इंजिनीअर गेला तेव्हा त्याने महागातलं, पैसे परत मिळणारं तिकीट काढलं होतं. सगळ्यांना वाटलं, आता गेला. नाना म्हणाले, “टेंडर उघडायची तारीख दोनदा पुढे गेलीय हे माहीत असताना ज्याने स्वस्तातलं क्यू काढलं असतं त्याला मी धरला असता. दर बदलाला दंड, वर भाड्यातला फरक. तीन बदल झाले की स्वस्त तिकीट ‘वाय’च्या वर जातं.” आणि त्याच आठवड्यात एका दुसऱ्याचं अगदी स्वस्त तिकीट त्यांनी अडवलं, कारण ते तीनदा बदललं होतं आणि पहिल्या तारखेला बैठकच नव्हती. स्वस्तात काढलं म्हणून शाबासकी मिळवायला तो आला होता. शाबासकीच्या जागी खुलासा मिळाला.

जीएसटी आला तेव्हा नानांच्या हातात आणखी एक भिंग आलं. इकॉनॉमीवर कर पाच टक्के. त्यावरच्या वर्गांवर आधी बारा होता, २२ सप्टेंबर २०२५पासून अठरा. म्हणजे तिकिटावर काहीही लिहिलेलं असो, कराच्या रकमेला भाड्याने भागलं की खुर्ची कुठे होती ते कळतं. आमच्याकडे एकाने क्लेमच्या फॉर्मवर ‘इकॉनॉमी’ लिहिलं होतं. नानांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, अठरा आले. कॅल्क्युलेटर त्याच्याकडे वळवून ठेवला आणि काही बोलले नाहीत. दुसरा ताप म्हणजे मोबाइलवरून स्वतःच तिकिटं काढणारी पोरं. कंपनीचा जीएसटी नंबर टाकायला विसरतात, मग ते बिल रिटर्नमध्ये ‘टू-बी’त दिसतच नाही आणि कराचं क्रेडिट बुडतं. “कशाला घाई केलीस रे बाळा?” नाना विचारतात. ‘बाळा’ आलं की समजावं, दिवस खराब आहे.

आणि न केलेल्या प्रवासाचं काय? विमान चुकलं, बैठक रद्द झाली, तिकीट नॉन-रिफंडेबल, पैसे बुडाले असं सगळे धरून चालतात. नाना नाही. भाडं बुडालं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं वापरशुल्क परत द्यायलाच हवं असा डीजीसीएचा नियम आहे. जो विमानतळ आपण वापरलाच नाही त्याचं शुल्क कसलं? त्या रकमांसाठी नाना विमान कंपन्यांना ईमेल करतात. एक, दोन, सहा. शेवटी पैसे येतात. तेवढ्यात नानांचा वेळ किती गेला हा हिशोब कोणी मांडत नाही, आणि मांडायची हिंमतही कोणात नाही. नव्या सीएफओने एकदा मांडायचा प्रयत्न केला. नानांनी त्यांच्यासमोर त्यांचाच मागच्या तिमाहीतला टॅक्सीचा क्लेम ठेवला.

टॅक्सी हा वेगळा अध्याय. पूर्वी गिरगावातून विमानतळावर जायचं तर काळी-पिवळी, आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मीटरवर पंचवीस टक्के जास्त. त्यामुळे टॅक्सीच्या पावतीवरची वेळ चार अठ्ठावन्न की पाच दोन, यावर नानांनी लोकांना हैराण केलेलं आहे. मग २०२५च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पुरी झाली. गिरगाव स्टेशन झालं, दादर झालं, थेट विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांखाली गाडी जाऊ लागली, आणि अख्ख्या मार्गाचं जास्तीत जास्त भाडं सत्तर रुपये. नानांनी दुसऱ्याच दिवशी परिपत्रक काढलं. सेल्सवाले काही कच्चे नव्हते. पहिली मेट्रो सुटते पाच पंचावन्नला. त्यांनी सहाची विमानं पकडायला सुरुवात केली. सहाचं विमान स्वस्त, कोड कसा नितळ, नानांना बोट ठेवायला जागा नाही. फक्त टॅक्सीचं बिल हजाराच्या घरात. नाना दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी फॉर्मवर नवा रकाना आला: ‘दारापासून दारापर्यंत’. म्हणजे भाडं, टॅक्सी आणि जागरण झाल्याबद्दलची हॉटेलातली अर्ली चेक-इन फी, तिन्हीची बेरीज. साडेनऊचं महाग विमान आणि मेट्रो, असा क्लेम त्यांनी स्वतः होऊन पास केला तेव्हा आमच्या मजल्यावर पहिल्यांदा असं वाटलं की या माणसाशी तडजोड होऊ शकते. गैरसमज होता तो.

गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे नाना हिशोबतपासनीस आहेत हे सांगायला नकोच. मंडपवाला त्यांना बघून आधीच दोन टक्के कमी करतो.

त्यांचा आदर्श म्हणाल तर केंद्र सरकार. नानांचे मेव्हणे एका केंद्रीय कार्यालयात आहेत. दर दिवाळीला दोघे फराळ बाजूला सारून प्रवासभत्त्याचे नियम बोलतात. जून २०२२मध्ये अर्थ मंत्रालयाने काढलेला आदेश मेव्हण्यांनी पाडव्याला ओवाळणी द्यावी तसा त्यांच्या हातावर ठेवला: तिकीट एकवीस दिवस आधी काढा, तीन तासांच्या टप्प्यातलं थेट जाणारं सगळ्यांत स्वस्त विमान घ्या, बहात्तर तासांच्या आत काढलंत तर कारण लिहून द्या. नानांनी तो लॅमिनेट करून घेतला. “कारण लिहून द्या,” ते वाक्य वाचताना त्यांचा आवाज ओला होतो. आमच्या कंपनीने मात्र वेगळी वाट धरली. सॉफ्टवेअर आणलं. क्लेमचा फोटो मोबाइलवर काढायचा, सॉफ्टवेअर हिरवा किंवा लाल दिवा दाखवतं. मर्यादेच्या आत रक्कम असली की हिरवा. नानांनी पहिल्याच आठवड्यात दाखवून दिलं की मर्यादेच्या एक रुपया खाली असलेले क्लेम एकाएकी फार वाढलेत. सॉफ्टवेअर विकणाऱ्या तरुणाने समजावलं की ते ‘लोएस्ट लॉजिकल फेअर’ बघतं. नाना म्हणाले, “लोएस्ट ते बघेल. लॉजिकल मी बघतो.” त्यामुळे आता दिवा हिरवा झाल्यावर क्लेम नानांकडे जातो, आणि कंपनी दोघांचेही पैसे भरते.

नाना गेल्या महिन्यात निवृत्त झाले. वरचं सगळं वर्तमानकाळात आलं ते सवयीने. त्यांचं टेबल अजून कोणी घेतलेलं नाही. कोणी तिथे डबासुद्धा ठेवत नाही.

पण निवृत्तीआधी एक भानगड झाली. नागपूरच्या शाखेचं ऑडिट निघालं आणि कधी नव्हे ते नानांना दौऱ्यावर पाठवायचं ठरलं. नानांनी शिस्तीत महिनाभर आधी अर्ज केला. साहेबांची मंजुरी यायला तीन आठवडे लागले. तोवर डिसेंबर उजाडला, हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं, आणि नागपूरच्या विमानांत आमदार, त्यांचे सचिव, सचिवांचे सचिव आणि मोर्चेवाले भरले. क्यू गेलं, के गेलं, एम गेलं. विदर्भ एक्स्प्रेसचं वेटिंग शंभराच्या पुढे. नाना समृद्धी महामार्गावरून रात्रीच्या बसने जायला तयार होते; साठीच्या माणसाला कंपनी बसने पाठवते असं दिसेल म्हणून एचआरने नको म्हटलं. ट्रॅव्हल डेस्कच्या मुलीने घाबरत घाबरत तिकीट काढलं आणि नानांच्या हातात दिलं. कोडाच्या सुरुवातीला ‘वाय’.

नाना गेले. विमानात त्यांनी शेजारच्या गृहस्थांना तिकीट कुठल्या वर्गाचं आहे ते विचारलं म्हणे. “काय माहीत, सरकारने काढलंय,” ते म्हणाले. नागपूर येईपर्यंत नाना खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी त्यांना खिडकी मिळाली होती, ती अशी.

परत आल्यावर नानांनी क्लेम लावला. तो नियमाप्रमाणे तपासणीला नानांकडेच आला. त्यांनी निळं पेन खाली ठेवलं, हिरवं उचललं आणि शेरा मारला: ‘प्रवासाच्या तीन दिवस आधी तिकीट काढण्याचं कारण काय? खुलासा करावा.’ मग निळ्या पेनने उत्तर: ‘मंजुरी विलंबाने मिळाली.’ हिरवं: ‘मंजुरीसाठी पाठपुरावा केल्याचा पुरावा जोडावा.’ निळं: ‘पाठपुरावा तोंडी केला होता.’ हिरवं: ‘तोंडी पाठपुरावा ग्राह्य नाही. आपल्या हुद्द्याच्या व्यक्तीकडून हे अपेक्षित नव्हतं.’ निळ्या पेनला यावर उत्तर सुचलं नाही. आम्ही सगळ्यांनी समजूत घातली. साहेब स्वतः आले आणि म्हणाले, “नाना, द्या इकडे, मी पास करतो.” नाना उभे राहिले, साहेबांसमोर ते कायम उभे राहतात. “साहेब, मंजुरीला उशीर तुमच्याकडून झाला. तुम्हीच पास केलंत तर प्रश्न येईल.” साहेब परत गेले.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, चांदीचा गणपती. साहेबांनी भाषणात नानांच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गायले आणि दोनदा आवंढा गिळला, तो कशामुळे कोण जाणे. संध्याकाळी सहाला सिस्टिममधून नानांचा आयडी बंद झाला. दुसऱ्या दिवशी एचआरच्या लक्षात आलं की नागपूरच्या दौऱ्याचा ॲडव्हान्स नानांच्या नावावर अजून बाकी दिसतोय; तो मिटल्याशिवाय ‘नो ड्यूज’ निघत नाही, ‘नो ड्यूज’शिवाय ग्रॅच्युइटीचा चेक निघत नाही, आणि तो मिटवायचा तर क्लेम तपासणाऱ्याची मान्यता लागते. तपासणारा निवृत्त.

एचआरने नानांना पत्र पाठवलं की एकदा येऊन क्लेमला मान्यता देऊन जावी, खास परवानगीने आयडी तासभर चालू करू. नानांनी उलट टपाली उत्तर धाडलं, हिरव्या शाईत. आयडीचा उल्लेखही नाही. एवढंच विचारलंय की लोअर परळहून लालबागला पत्र पाठवायला कुरियर कोणाच्या मंजुरीने केलं, आणि शिपाई त्या दिवशी कुठे होता.